सोळा बिटांचे वचन

१९ जानेवारी २०१० रोजी टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने विंडोज एनटीच्या कर्नलमधील, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातील, एक दोष, त्याच्या घडणीच्या संपूर्ण विवरणासह आणि तो प्रत्यक्ष वापरून दाखविणाऱ्या प्रोग्रामासह, जगापुढे मांडला. जुलै १९९३ मध्ये बाहेर पडलेल्या एनटी ३.१ पासून ऑक्टोबर २००९ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज ७ पर्यंत, इंटेलच्या घराण्यातील ३२ बिटी प्रोसेसरसाठी एनटीची जी जी आवृत्ती मायक्रोसॉफ्टने दिली, तिच्या तिच्या पोटात हा दोष होता. ज्याला यंत्रावर केवळ साध्या वापरकर्त्याचा अधिकार दिलेला आहे, त्याने कोणाचीही परवानगी न घेता त्या यंत्राचा सर्वाधिकारी होऊन बसावे, एवढे सामर्थ्य त्यात होते. ऑर्मंडीने तो १२ जून २००९ रोजी मायक्रोसॉफ्टला कळविला होता, २२ जून रोजी त्याला पोच मिळाली होती, आणि त्यानंतर सात महिने लोटले तरी दुरुस्ती हाती न आल्यामुळे त्याने तो प्रसिद्ध केला. दुरुस्ती आली ती ९ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे प्रसिद्धीनंतर तीन आठवड्यांनी.

या प्रकरणात दोन पक्ष संभवतात, आणि ते दोन्ही मला एकाच घरात भेटले. मामा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. डॉसच्या काळ्या पडद्यावर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रामांनी ठेवी, कर्जे आणि भागभांडवल यांचे हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे पैपर्यंत जुळविले, आणि आजही एका लहानशा पतसंस्थेला ते विनामूल्य सल्ला देतात. त्यांची भाची पुण्यात संगणकांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचा व्यवसाय करते. दोघांचे बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. मला स्वतःला जे म्हणावयाचे आहे ते मध्ये मध्ये म्हणेन, कारण या बाबतीत तटस्थ राहणे मला जमलेले नाही.

मामा : मला या गदारोळाचे प्रयोजनच कळत नाही. दूर देशी बसलेल्या कोणा अनोळखी माणसाने तारेवरून येऊन यंत्रात शिरावे, असा हा दोष नव्हता. ज्याला आपण होऊन यंत्रापुढे बसू दिले, ज्याला नाव आणि पासवर्ड दिला, त्यानेच विश्वासघात केला तर काय होईल एवढाच हा प्रश्न होता. आणि विश्वासघातावर इलाज माणसे पारखून घेण्याचा आहे, तो कर्नलमध्ये कशाला शोधावयाचा? शिवाय विंडोज एक्सपी घरोघरी होती त्या काळात बहुतेक लोक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत असत. ज्याच्यापाशी सर्वाधिकार आधीच आहेत, त्याला ते चोरून मिळविण्याची गरजच काय?

भाची : मामा, तुमचे शेवटचे वाक्यच माझ्या बाजूचे आहे. घरी सर्वाधिकार घेऊन बसणाऱ्याचे या दोषाने काही गेले नाही, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखी सीमाच नव्हती. गेले ते ज्यांनी काळजी घेतली त्यांचे. ज्या बँकेने काउंटरवरच्या कारकुनाला त्याच्या कामापुरताच अधिकार दिला, ज्या शाळेने विद्यार्थ्यांची खाती बंदिस्त ठेवली, ज्या कार्यालयाने कोणालाही नवा प्रोग्राम बसविण्याची मुभा दिली नाही, त्यांनी मेहनतीने आखलेली सीमा या दोषापुढे नाममात्र उरली. आणि यंत्रापुढे बसणारा माणूसच विश्वासघातकी असावा लागतो असेही नाही. तो बिचारा एक फाइल उघडतो, एखाद्या पानावर जातो, आणि त्या फाइलीत दडलेला परका प्रोग्राम त्याच्याच नावाने, त्याच्याच तुटपुंज्या अधिकाराने चालू लागतो. तेथून पुढे सर्वाधिकारापर्यंत जाण्यासाठी त्या प्रोग्रामाला असाच एखादा स्थानिक दोष लागतो. त्याच २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटची गोष्ट तुम्ही वाचली असेल. इराणमधील नातांझच्या सेंट्रिफ्यूजांपर्यंत पोचण्यासाठी रचलेल्या त्या प्रोग्रामात, आत शिरण्याच्या साधनांबरोबरच, अधिकार वाढवून घेण्याचे दोन स्थानिक दोष मुद्दाम बरोबर दिलेले होते: जुन्या विंडोजसाठी कीबोर्डच्या मांडणीच्या फाइलींचा, आणि नव्या विंडोजसाठी टास्क शेड्युलरचा. एवढ्या साधनसंपन्न हल्लेखोरांनाही ज्याची गरज भासली, त्याला क्षुल्लक कसे म्हणावे?

मामा : बरे, सीमा मोडली हे मान्य. पण ती मोडली कशी, ते मला नीट समजावून दे. मी आयुष्यभर या यंत्रांवर विश्वासून काम केले आहे. विश्वास नेमका कोठे फसला ते कळल्याखेरीज मी कोणाला दोष देणार नाही.

(ही मागणी मला फार योग्य वाटते. असल्या प्रकरणांची चर्चा बहुधा “त्रुटी आढळली, दुरुस्त केली” अशा दोन वाक्यांत उरकली जाते, आणि त्यामुळे वाचकाचा असा समज होतो की कोण्या एकाच्या हातून एखादा आकडा चुकीचा पडला असेल. येथे प्रकार तसा मुळीच नव्हता, आणि म्हणूनच त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.)

भाची : मग १९७८ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी इंटेलचा सोळा बिटी ८०८६ प्रोसेसर निघाला. त्यात पहारा असा नव्हताच; जो प्रोग्राम चालू असेल तो सगळ्या मेमरीचा धनी, वाटेल तेथे वाचील आणि वाटेल तेथे लिहील. तुमचा डॉस आणि डॉसवरचे सगळे प्रोग्राम याच मोकळ्या रानात वाढले. १९८५ साली ८०३८६ आला, त्यात अधिकारांच्या चार पातळ्या होत्या. एनटीने त्यांतील दोनच वापरल्या, शून्याची पातळी कर्नलला आणि तिसरी सामान्य प्रोग्रामांना. परंतु जुने प्रोग्राम टाकून देता येत नव्हते, म्हणून इंटेलने त्याच प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल ८०८६ नावाचा एक मोड दिला. त्यात जुना प्रोग्राम तिसऱ्या पातळीवरच राहतो, पण आपण १९७८ च्याच यंत्रावर आहोत असे त्याला भासते. डेव्ह कटलर १९८८ साली डिजिटल इक्विपमेंट सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आला आणि त्याच्या नेतृत्वाखाली एनटी उभी राहिली. तिने या मोडाच्या आधारे एनटीव्हीडीएम नावाची व्यवस्था केली, आणि सोळा बिटांचे प्रोग्राम नव्या घरात चालू ठेवले.

मामा : त्याच व्यवस्थेवर आम्ही जगलो. तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

भाची : ती असावीच. आता गंमत नाही, गांभीर्याची बाब सांगते. जुन्या प्रोग्रामांना बायोसची कामे लागतात. ती कर्नलने या मोडातून करवून द्यावयाची तर दोन टप्पे पडतात: पहिल्यात कर्नल आपली चालू स्थिती आणि आपला स्टॅक जपून ठेवतो व बायोसचे काम चालू करून देतो, दुसऱ्यात, काम संपल्यावर, जपलेली स्थिती परत आणतो. काम संपले हे त्याला कसे कळावे? तर प्रोसेसरने संरक्षणभंगाची एक विशिष्ट सूचना दिली, आणि ती सूचना एका ठरावीक पत्त्यावर उद्भवली, की कर्नल समजे, बायोस परत आला. आणि समोरच्या ट्रॅप फ्रेमवरून, म्हणजे खंड पडतेवेळी नोंदलेल्या स्थितीच्या दस्तऐवजावरून, तो जुनी स्थिती आणि जुना स्टॅक पुन्हा प्रस्थापित करी. हा दस्तऐवज खरा आहे असे मानण्यामागे तीन गृहीते होती, आणि ऑर्मंडीच्या टिपणाचे सगळे सामर्थ्य ती तिन्ही एकामागून एक सोडविण्यात आहे.

पहिले गृहीत असे, की या जुन्या मोडाची स्थिती उभी करण्यास ऑपरेटिंग सिस्टीमचाच एक भाग म्हणून वागण्याचा खास अधिकार लागतो, आणि तो सामान्य माणसापाशी नसतो. खरे आहे, परंतु सामान्य माणूस एखादा सोळा बिटांचा प्रोग्राम नुसता सुरू करतो तेव्हा सिस्टीम स्वतःच त्याच्यासाठी एनटीव्हीडीएम उभी करते, आणि तिला ती मुभा आधीच मिळालेली असते. ती प्रक्रिया त्याच माणसाच्या नावावर असल्यामुळे तिच्यात आपला धागा घालून आपली आज्ञा चालविणे त्याला मोकळे असते. दुसरे गृहीत असे, की तिसऱ्या पातळीवरचा प्रोग्राम आपल्याला हवा तो कोड सेगमेंट निवडू शकत नाही, कारण त्या आकड्याच्या शेवटच्या दोन बिटांतच अधिकाराची पातळी लिहिलेली असते. हेही खरे, परंतु व्हर्च्युअल ८०८६ मोडात तो आकडा म्हणजे मेमरीतील नुसते एक स्थान असते, तेथे कोणताही आकडा चालतो. तिसरे गृहीत असे, की ट्रॅप फ्रेम प्रोसेसर आणि कर्नल मिळून लिहितात, म्हणून ती बनावट असू शकत नाही. येथे तर कमाल आहे. कर्नल सामान्य प्रोग्रामाकडे परतताना जी आज्ञा वापरतो, तिला परतण्याची स्थितीच अग्राह्य अशी दिली, तर ती आज्ञा पुरी होण्याआधीच अडखळते. संरक्षणभंगाची सूचना पुन्हा कर्नलकडेच येते, आणि त्या वेळी समोर असलेल्या फ्रेममधला मजकूर मात्र सामान्य प्रोग्रामाने ठरविलेला असतो. पत्ता जुळतो, सेगमेंट जुळतो, फ्रेम जुळते; कर्नल मानतो की बायोस परत आला, आणि हल्लेखोराने पुढे केलेला स्टॅक आपला म्हणून स्वीकारतो. त्या क्षणापासून कर्नलच्या अधिकाराने कोणाची आज्ञा चालणार, हे सांगावयास नको.

मामा : (बराच वेळ विचार करून) म्हणजे कचेरीत आलेल्या सनदेवरचा शिक्का खरा, कागद खरा, हस्ताक्षरही ओळखीचे, आणि तरी सनद खोटी, कारण शिक्का ज्या खोलीत ठेवला होता तिची किल्ली दुसऱ्याच कोणा कामासाठी सर्वांना दिलेली होती.

भाची : होय. आणि शिक्का सांभाळणारा, किल्ली देणारा व सनद तपासणारा हे तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

मला या प्रकरणात सर्वांत विचारार्ह वाटते ते हेच. प्रत्येक गृहीत ज्याने केले त्याच्या दृष्टीने वाजवी होते, त्यातल्या कोणत्याही एकट्या ओळीवर बोट ठेवून ‘येथे चूक आहे’ असे म्हणता आले नसते. चूक त्यांच्या संगमात होती, आणि संगमावर कोणाचीच नेमणूक झालेली नव्हती. सतरा वर्षांत असंख्य कुशल डोळे या कोडवरून गेले असतील. त्यांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही. परंतु जो भाग जुना आहे, चालतो आहे आणि ज्यात कोणाला नवे काही घालावयाचे नाही, त्याच्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही; आणि नेमक्या त्याच भागात, पहारा ज्या काळी नव्हता त्या काळाचे वर्तन पहाऱ्याच्या आतून हुबेहूब वठविण्याचे अत्यंत अवघड काम चाललेले असते.

मामा : पण यावरून तू असा निष्कर्ष काढणार असशील की ती व्यवस्थाच ठेवावयास नको होती, तर मी तो मान्य करणार नाही. मायक्रोसॉफ्टने लोकांना एक वचन दिले होते, की तुम्ही आज लिहिलेला प्रोग्राम उद्याच्या यंत्रावर चालेल. त्या वचनावर विसंबून लहान लहान संस्थांनी ठेवीदारांचा पैसा संगणकांत घातला. आमच्या व्याजाच्या आकारणीचा प्रोग्राम ज्याने लिहिला तो गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेला, त्याचा सोर्स कोणापाशी नाही, पण त्या प्रोग्रामाने एका खातेदाराचेही व्याज कधी चुकविले नाही. तो फेकून नवा घ्या म्हणणाऱ्याला त्याचा खर्च द्यावा लागत नाही. तो पतसंस्थेच्या नफ्यातून, म्हणजे शेवटी गावच्या माणसांच्या खिशातून जातो. जुने सांभाळणे ही दुबळ्यांच्या बाजूने केलेली तरतूद आहे, बाळ.

भाची : मामा, त्या वचनाची किंमत कोणी दिली हेही विचारा. तुमच्या संस्थेने व्यवस्था वापरली, तिचा लाभ घेतला. तिने धोकाही पत्करला तर ते न्याय्य आहे. पण ती व्यवस्था ३२ बिटी विंडोजच्या प्रत्येक प्रतीत होती. ज्या यंत्रावर सोळा बिटांचा एकही प्रोग्राम कधी चालला नाही, ज्याच्या धन्याला डॉस हे नावही ठाऊक नव्हते, त्याच्याही कर्नलमध्ये हा मार्ग जागता होता. ६४ बिटी विंडोजवर हा दोष नव्हता, पण तो कोणाच्या दक्षतेमुळे टळला नाही. ६४ बिटांच्या मोडात प्रोसेसरने व्हर्च्युअल ८०८६ चा आधारच काढून घेतला, म्हणून मायक्रोसॉफ्टला ती व्यवस्था सोडावी लागली. म्हणजे जेथे वचन मोडले तेथील माणसे सुरक्षित राहिली. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ सालीच संरक्षणाची जी आठ तत्त्वे मांडली, त्यांत एक हे आहे की मूळ स्थिती नकाराची असावी. परवानगी कारण दाखविल्यावर द्यावी. येथे मूळ स्थिती होकाराची होती.

मामा : त्याच आठांतले शेवटचे तत्त्वही सांग ना. संरक्षणाची रचना माणसाला स्वाभाविकपणे वापरता येईल अशी असावी, असे त्यांनीच म्हटले आहे. माझ्या कारकुनाला रोज सकाळी व्याजाचा प्रोग्राम सुरू करण्यासाठी तीन परवाने काढावे लागले असते, तर चौथ्या दिवशी त्याने सर्वाधिकाराचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविला असता. तसे झालेले मी पाहिलेले आहे. मग तुमची सीमा राहिली असती कोठे?

भाची : तीन परवाने नकोत, एकच पुरे, आणि तो एकदाच, यंत्राच्या व्यवस्थापकाने द्यावा. पुढे ३२ बिटी विंडोज ८ मध्ये असेच झाले, ही व्यवस्था मुळात बंद ठेवली गेली आणि ज्याला हवी त्याने ती मागून घ्यावी असे ठरले. हे १९९३ साली सुचले नाही, याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण जून २००९ नंतरचे सात महिने मी तसे सोडणार नाही.

येथे वादाने स्वाभाविकच दुसरे वळण घेतले. मामांचा खरा रोष प्रसिद्धीवर होता, आणि तो त्यांनी लपविला नाही.

मामा : त्या संशोधकाने दोष शोधला, ही विद्वत्ता. त्याने तो कंपनीला कळविला, ही सचोटी. पण दुरुस्ती तयार नसताना त्याने तो चालत्या प्रोग्रामासह सर्वांच्या हाती दिला, याला मी काय म्हणावे? कर्नलचा ट्रॅप हँडलर म्हणजे सगळ्या यंत्राची नाडी. त्यात फेरफार करावयाचा, तो विंडोज २००० पासून ७ पर्यंत प्रत्येक आवृत्तीवर तपासावयाचा, आणि जगातल्या एकाही कार्यालयाचे काम बंद पडू द्यावयाचे नाही, याला वेळ लागणारच. कंपनी तजवीज करीत होती. काही आठवडे अधिक थांबले असते तर काय बिघडले असते?

भाची : दुरुस्तीला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण उपाय त्याच्या टिपणातच होता, आणि तो साधा होता: ग्रुप पॉलिसीमधले एक सेटिंग, सोळा बिटांच्या प्रोग्रामांना प्रवेश बंद करणारे. ज्या कार्यालयांना असे प्रोग्राम लागत नव्हते, आणि २००९ साली ती बहुसंख्य होती, त्यांचा व्यवस्थापक ते थोड्या वेळात सर्व यंत्रांवर लावू शकत होता. हे सांगण्यासाठी कर्नलच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नव्हता. पण जाहीर सूचना निघाली ती प्रसिद्धीच्या दुसऱ्या दिवशी, २० जानेवारीला. दोष फक्त दोघांनाच ठाऊक आहे, असे मानून सात महिने काढले गेले. आणि जो दोष एकाने शोधला तो दुसऱ्याने आधीच शोधून गुपचूप वापरला नसेल, याची हमी जगात कोण देऊ शकतो? सतरा वर्षे हा काळ लहान नाही.

मामा : व्यवस्थापक असलेल्या कार्यालयांचे तू सांगतेस. ज्या संस्थेत व्यवस्थापकच नाही, तिने ते सेटिंग कोठे शोधावे? मला ठाऊक आहे, कारण मी अशाच संस्थांत वावरतो. तिला सूचना कधीच पोचत नाही. तिला फक्त हल्ला पोचतो. तो प्रोग्राम पुढे मेटास्प्लॉइट या हल्ल्यांच्या तयार साधनसंचात गेला ना?

भाची : गेला, आणि लवकरच गेला. अधिकार वाढवून घेण्याच्या त्यातल्या आज्ञेत तो एक मार्ग म्हणून काही वर्षे बसलेला होता. मी स्वतः परीक्षणात तो वापरलेला आहे. त्यामुळे ज्याला ट्रॅप फ्रेम म्हणजे काय हेही कळत नाही, त्याच्या हातीही तो पडला, हे मी नाकारीत नाही.

माझे मत मी स्पष्टच सांगतो. सात महिन्यांनंतर दोषाचे अस्तित्व आणि त्यावरचा तात्पुरता उपाय जाहीर करणे हे ऑर्मंडीचे कर्तव्यच होते, आणि ते त्याने केले याबद्दल तो आदरास पात्र आहे. लोकांच्या यंत्रातला धोका लोकांपासून दडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला मी देऊ इच्छीत नाही. परंतु चालता प्रोग्राम त्याच दिवशी, त्याच टिपणासोबत देण्याची आवश्यकता मला अद्याप पटलेली नाही. विवरण वाचून प्रोग्राम लिहू शकणारे लोक होतेच, पण ते थोडे होते. आणि तो थोडेपणा काही दिवस तरी टिकता, तर मामांच्या संस्थांना तेवढीच उसंत मिळाली असती. भाचीला हे मान्य नाही. तिचे म्हणणे, प्रोग्राम दाखविल्याखेरीज असल्या दोषावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि विश्वास बसल्याखेरीज कोणी हलत नाही. पुढे या वादाला काही नियम आले: २०१० च्या जुलैत गूगलमधील संशोधकांनी साठ दिवसांची मर्यादा सुचविली, मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात परस्परांच्या समन्वयाने प्रसिद्धी व्हावी असे धोरण मांडले, आणि २०१४ साली निघालेल्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने नव्वद दिवसांचा दंडक घातला. मुदत कोणतीही असो, ती आधी जाहीर झालेली असली म्हणजे उभय पक्षांना आपापली जबाबदारी कळते, एवढा लाभ त्यातून झाला.

मामा : आणि घाईने केलेल्या दुरुस्तीचे फळही सांगून टाक. ९ फेब्रुवारीचा तो पॅच बसविला आणि कित्येकांची यंत्रे निळ्या पडद्यावर अडकून सुरूच होईनात. कंपनीला त्याचे आपोआप वाटप थांबवावे लागले. मी म्हणतो ते यालाच. कर्नलला हात लावताना घाई करू नये.

भाची : थांबवावे लागले, हे खरे. पण कारण काय निघाले ते ऐका. त्या यंत्रांत अलुरिऑन नावाचा रूटकिट, म्हणजे लपून राहणारा घातक प्रोग्राम, आधीपासून दडून बसलेला होता. त्याने कर्नलमधल्या काही फंक्शनांची स्थाने आपल्या पोटात आकड्यांनी पक्की लिहून ठेवली होती. पॅचमुळे कर्नल बदलला, ती स्थाने सरकली, आणि रूटकिटने जुन्या स्थानी उडी मारताच यंत्र कोसळले. निरोगी यंत्रांवर पॅच नीट बसला. मार्चच्या आरंभी मायक्रोसॉफ्टने तो पुन्हा सोडला, तेव्हा आधी तपासणी करून, असे विकृत यंत्र आढळल्यास तो न बसविण्याची व्यवस्था त्यात ठेवली होती.

मामा : (सावकाश) म्हणजे ज्यांची यंत्रे त्या दिवशी बंद पडली, त्यांची यंत्रे त्या दिवसापूर्वीच त्यांची राहिली नव्हती.

भाची : आणि बंद पडली म्हणून निदान त्यांना ते कळले.

मामा या उत्तरावर बराच काळ काही बोलले नाहीत. मी त्यांना ओळखतो. हिशेबात तफावत निघाली की ते असेच गप्प होतात, आणि तफावत सापडेपर्यंत उठत नाहीत. त्यांचा प्रसिद्धीवरचा आक्षेप त्यांनी मागे घेतला नाही, आणि तो त्यांनी घ्यावा असे मलाही वाटत नाही. पण त्यांनी प्रश्न बदलला.

मामा : आमच्या पतसंस्थेत मागच्या खोलीत एक यंत्र आहे, एक्सपीचे. व्याजाचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो. त्याला इंटरनेट नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

भाची : इंटरनेट नाही म्हणजे पॅचही पोचले नसतील. २०१० चा हा पॅच तरी त्याच्यावर आहे का? एक्सपीचा पाठिंबाच ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. आणि रोजचे आकडे त्या यंत्रातून बाहेर कसे नेता?

मामा : पेन ड्राइव्हने.

भाची : मग स्थानिक दोषाला याहून सोयीची जागा मिळणार नाही. तो पेन ड्राइव्ह पुढच्या खोलीतल्या, इंटरनेट असलेल्या यंत्राला लागतो, आणि परत मागच्या खोलीत येतो.

मामा : पण प्रोग्राम मी बंद करणार नाही, हे आधीच सांगतो. तो चुकत नाही.

भाची : बंद करा असे मी म्हणतच नाही. तो कर्नलच्या बाहेर काढू या. डॉसबॉक्स किंवा त्याच जातीचा एखादा प्रोग्राम नव्या ६४ बिटी यंत्रावर साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो. जुना प्रोसेसर, जुना बायोस, सगळे तो स्वतःच्या आत सॉफ्टवेअरने उभे करतो. तुमच्या फॉक्सप्रोला आपण जुन्याच यंत्रावर आहोत असे वाटेल, पण त्याच्यासाठी कर्नलला आपला स्टॅक कोणाच्या भरवशावर बदलावा लागणार नाही. त्यात दोष निघणार नाही असे नाही; पण निघाला तर सर्वप्रथम तो त्या साध्या वापरकर्त्याच्या अधिकारापुरता राहील.

मामा : फाइलींचे लॉकिंग? कारकून कधी कधी एकाच वेळी दोन खिडक्यांत एकच खाते उघडतो.

भाची : ते तपासावे लागेल. सगळ्या असल्या प्रोग्रामांना ते सारखे जमत नाही.

मामा : आणि प्रिंटर? पासबुकाची ओळ डॉट मॅट्रिक्सवर थेट एलपीटी वनला जाते. ती अर्ध्या ओळीनेही सरकली तर खातेदार दारात उभा राहतो.

भाची : तेही तपासू. मार्चअखेरचे व्याज लागून जाऊ द्या. एप्रिलपासून एक तिमाही दोन्ही यंत्रे समांतर चालवू. रोज संध्याकाळी दोहोंची दिवसअखेर काढून पैपर्यंत ताळा घ्यावयाचा, आणि जूनअखेरची आकारणी दोहोंवर तंतोतंत जुळली तरच जुने यंत्र उतरवावयाचे.

मामा : ताळा मी स्वतः घेईन. आणि तोपर्यंत मागच्या खोलीतला पेन ड्राइव्ह दुसऱ्या कोणत्याही यंत्राला लागणार नाही, आकडे कागदावर उतरवून पुढे जातील. तसे पत्र आजच व्यवस्थापकांना लिहितो. त्या सेटिंगचे नाव मला कागदावर लिहून दे. संस्थेत आणखी काही ३२ बिटी यंत्रे आहेत, आणि त्यांच्यावर सोळा बिटांचे काहीच चालत नाही.